मशीनची १० सिटिंग झाली तरी मान दुखतेच, आता काय करू?

"ताई, मी ४१ वर्षांची, अकाउंट्सचं काम करते, रोज ८-९ तास लॅपटॉपसमोर. ५ महिने झाले मान दुखतेय. आधी नुसती अवघडायची, आता उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत ओढ लागते, संध्याकाळी डोकं जड होतं, कधीकधी उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात आणि झोपताना कूस बदलली की गरगरतं. एक्स-रेमध्ये स्पॉन्डिलोसिस, मणक्यांमधली गॅप कमी आणि मानेचा बाक सरळ झालाय असं आलं. फिजिओथेरपीची १० सिटिंग घेतली, शेक, करंट, ट्रॅक्शन (मशीनने मान ओढून धरणं), तेव्हा बरं वाटलं पण ८ दिवसांत पुन्हा तेच. शेवटच्या दिवशी व्यायामाचा कागद मिळाला, ४ दिवस केला, जास्त दुखलं म्हणून सोडला. आता काम करताना कॉलर लावते. घरचे म्हणतात फिजिओची एकदा सवय लागली की आयुष्यभर जावं लागतं. व्यायामाने झीज अजून वाढेल का? पुन्हा जाऊ की नको? खूप भीती वाटते."

तुम्ही सगळी लक्षणं नीट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या भीतीबद्दल बोलायचंय, पण त्याआधी एक खात्री करून घेऊ, कारण ती झाल्याशिवाय मी कुठलाच व्यायाम सांगणार नाही.

स्वतःला नीट विचारा: हातातून वस्तू निसटतायत का, बटणं लावताना, सही करताना बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत असं वाटतंय का, चालताना पाय अडखळतात किंवा तोल जातो का, मान खाली घातली की पाठीतून शॉक लागल्यासारखी चमक जाते का, लघवी-संडासवरचा ताबा कमी झालाय का, हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होतेय का? यातल्या एकाचं जरी उत्तर हो असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिक किंवा न्यूरो डॉक्टरांकडे लगेच जा, कारण हे मज्जारज्जूवर किंवा नसेवर जास्त दाब येत असल्याचं लक्षण असू शकतं. तसंच ताप, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपूच न देणारं दुखणं, आधी कॅन्सर झालेला असणं किंवा पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हे सगळं आधी डॉक्टरांनी बघायचं. आणि कधी अचानक, पूर्वी कधीच झालं नाही असं जोराचं मान-डोकं दुखायला लागलं आणि सोबत दोन-दोन दिसतंय, बोलताना जीभ जड होतेय, एक पापणी खाली आलीय असं काही झालं, किंवा मान-जबडा-डाव्या हातात दुखून छातीत दडपण आणि घाम आला, तर थेट इमर्जन्सीत जायचं, तिथे फिजिओचा काही संबंध नाही.

तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून पुढचं लिहितेय.

आता तो रिपोर्ट. स्पॉन्डिलोसिस हा शब्द ऐकून माणूस निम्मा खचतो हे मी इतक्या वेळा बघितलंय की मला खरंच वाटतं हा शब्द पेशंटच्या हातात देताना सोबत दोन मिनिटं बसून समजावून सांगायलाच हवं. स्पॉन्डिलोसिस म्हणजे वयानुसार मणक्यांमध्ये आणि त्यांच्यामधल्या गाद्यांमध्ये होणारे बदल. केस पांढरे होतात तसंच हे आत होतं, फक्त ते दिसत नाही. जपानमध्ये १,२११ लोकांच्या मानेचा एमआरआय काढला होता, ते २०१५ मध्ये छापून आलं, आणि मुद्दा असा की यातल्या कुणालाच मानेची तक्रार नव्हती, सगळे ठणठणीत. तरी त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची गादी थोडीफार बाहेर आलेली दिसली, अगदी विशीतल्या मुलामुलींमध्येसुद्धा बहुतेकांची. म्हणजे तुमच्या फिल्मवर जे दिसतंय ते तुमच्या वयाच्या, मान अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या फिल्मवर दिसेल. बाक सरळ झालाय याचंही तसंच, दुखत असलं की स्नायू आखडून मान सरळ धरली जाते, फोटो काढताना हनुवटी कशी ठेवली त्यानेही फरक पडतो, आणि कितीतरी न दुखणाऱ्या माना सरळच असतात. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, पण तुमचं दुखणं किती राहील, जाईल की नाही, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येत नाही.

व्यायामाने झीज वाढेल का, तर नाही. हाडं, गाद्या, स्नायू हे सगळं जिवंत असतं, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाची त्यांना सवय होते आणि ते मजबूत होतात. उलट ५ महिने मान कमी हलवली, जड पिशवी उचलायची सोडली, मागे बघायचं तर कमरेतून सगळं अंग वळवलं, की जे स्नायू रोज साधारण ४.५ ते ५ किलोचं डोकं पेलतात ते दमायला लागतात, मग संध्याकाळपर्यंत दुखतं, मग आपण अजून जपतो. तुमचं संध्याकाळी डोकं जड होणं मला यातलंच वाटतंय. मानेच्या वरच्या सांध्यांचं आणि स्नायूंचं दुखणं डोक्यात जाणवतं, हे अगदी कॉमन आहे.

अंगठ्याच्या मुंग्या मात्र तपासून घ्याच. मानेत मणके ७ पण नसांच्या जोड्या ८, आणि अंगठ्याकडे येणारी साधारण सहावी, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी. त्यामुळे मानेतल्या सहाव्या नसेला थोडा त्रास होत असेल अशी शक्यता आहे. तो उजवा हात डोक्यावर ठेवून बसलं की बरं वाटतं का ते बघा, वाटत असेल तर मानेकडे बोट जातं. पण मुंग्या रात्री जास्त येतात, हात झटकला की जातात, पहिल्या तीन बोटांत असतात, असं असेल तर नस मनगटात दबत असू शकते, दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्यांमध्ये हेही बघावं लागतं, आणि मग मानेला कितीही ट्रॅक्शन लावा, काही होणार नाही. हे फरक मशीनला कळत नाहीत, हात लावून, ताकद, संवेदना, रिफ्लेक्स बघूनच कळतात. तुमच्या १० सिटिंगमध्ये कुणी हे तपासलं होतं का, पत्रात त्याचा कुठेच उल्लेख नाही म्हणून विचारतेय. आणि मानेतलीच नस असली तरी घाबरू नका, हातात जाणारं असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं.

गरगरण्याबद्दलही. मान दुखते आणि चक्कर येते म्हणजे स्पॉन्डिलोसिसचीच चक्कर, असं सर्रास धरलं जातं. पण कूस बदलताना, उठताना, वर बघताना काही सेकंद खोली फिरली आणि थांबली, तर ते बहुतेक वेळा आतल्या कानातले बारीक कण जागचे हलल्यामुळे असतं, आणि त्याची साधी तपासणी आणि डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून करायचा उपचार असतो, अनेकदा एक-दोन वेळात थांबतं. तुमचं वर्णन त्याच्याशी बरंच जुळतंय, त्यामुळे हे ईएनटी डॉक्टरांना किंवा व्हर्टिगोचं काम करणाऱ्या फिजिओला वेगळं दाखवा.

आता मुख्य गोष्ट, ती १० सिटिंग. शेक, करंट, ट्रॅक्शन यांनी तुम्हाला बरं वाटलं ते खरं होतं, शेकाने स्नायू सैल होतात, करंटने दुखण्याची जाणीव थोडा वेळ कमी होते, हातात जाणारं दुखणं असेल तर ट्रॅक्शनचा काही जणांना व्यायामासोबत उपयोग होतो. पण हा सगळा आराम थोड्या वेळाचा असतो आणि तो कशासाठी असतो, तर त्या आरामात हालचाल सुरू करता यावी म्हणून. तुमच्या बाबतीत झालं असं की आराम पहिल्या दिवशी दिला आणि व्यायाम शेवटच्या दिवशी, तोही कागदावर, म्हणजे जो खरा उपचार होता तो सुरू व्हायच्या दिवशीच तुमची फिजिओथेरपी संपली. यात तुमची काहीच चूक नाही. मी तर म्हणेन तुम्ही फिजिओथेरपी अजून घेतलेलीच नाही, म्हणून ती तुम्हाला लागू पडली नाही हा निष्कर्षही काढू नका.

तर जा, पुन्हा जा, पण जाताना काय मागायचं ते ठरवून जा. पहिल्या भेटीत तपासणी व्हायला हवी, मान दोन्ही बाजूंना किती वळते, हाताची ताकद, मुंग्या नेमक्या कुठे, खांद्याची पाती कशी हलतात, तुमचं काम कसं चालतं, झोप किती होते. व्यायाम त्यांच्यासमोर करून दाखवायचा, त्यांनी चुका काढायच्या, आणि पुढच्या भेटीत तो बदलायला किंवा वाढवायला हवा. भेटी आठवड्याला एक-दोन असल्या तरी चालतात, मधले दिवस तुमचे. कुणी तुम्हाला बघता बघता मशीनवर झोपवून दुसऱ्या पेशंटकडे निघून जात असेल आणि रोज तेच चाललं असेल, तर दुसरीकडे जायला अजिबात संकोच करू नका. आणि कुणी झटका देऊन मान कट् करून देतो म्हटलं, तर तुमच्या मुंग्या आणि गरगरणं बघता मी तरी नको म्हणेन. तो आवाज सांध्यातल्या गॅसचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही, आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका फार क्वचित असला तरी झाला तर गंभीर असतो. ट्रेनिंग नसलेल्या माणसाच्या हातात तर मान द्यायचीच नाही.

व्यायामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ४ दिवसांत दुखलं म्हणून सोडलात ते बहुतेक जास्त आणि जोरात सुरू केल्यामुळे असावं. सुरुवात झोपून करा. पाठीवर झोपा, डोक्याखाली पातळ घडीचा टॉवेल, आणि अगदी हळू "हो" म्हटल्यासारखी हनुवटी किंचित गळ्याकडे आणा, डोकं उचलायचं नाही, दात आवळायचे नाहीत, गळ्याच्या पुढच्या वरवरच्या दोऱ्या ताठ झाल्या तर जोर जास्त होतोय असं समजा. १० सेकंद धरायचं, सोडायचं, जमेल तसं १० वेळापर्यंत न्यायचं. दिसायला हा काहीच व्यायाम वाटत नाही, बरेच जण म्हणतात एवढंच? पण मानेच्या पुढे, मणक्यांना चिकटून जे खोलवरचे स्नायू असतात ते मान दुखणाऱ्यांमध्ये सुस्तावतात आणि हा व्यायाम त्यांनाच जागं करतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्वेंडोलिन जल या फिजिओथेरपिस्टनी यावर खूप काम केलंय, मानेमुळे डोकं दुखणाऱ्या २०० जणांवरचा त्यांचा २००२ चा अभ्यास आहे, त्यात असे हलके व्यायाम आणि हाताने केलेले उपचार या दोन्हींचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. तुमचं डोकं जड होतं म्हणून मुद्दाम सांगितलं.

याच्यासोबत दिवसातून ५-६ वेळा, खुर्चीत बसल्या बसल्या, मान डावीकडे-उजवीकडे जेवढी आरामात वळते तेवढी वळवायची, प्रत्येकी ६-८ वेळा, शेवटी ताणायचं नाही. खांद्याची पाती मागे आणि थोडी खाली, ५ सेकंद, सोडा. गोल गोल मान फिरवायचा व्यायाम कागदावर असेल तर सध्या राहू द्या, त्याने खास असं काही मिळत नाही आणि गरगरणाऱ्या माणसाला त्रासच होतो.

दोन आठवडे हे जमलं की ताकदीकडे वळायचं, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी सुटते. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, जुनी मानदुखी असलेल्या १८० बायकांवर वर्षभर एक प्रयोग झाला होता, २००३ साली छापून आला. एका गटाने मानेचे ताकदीचे व्यायाम केले, एकाने दमसासाचे म्हणजे हलके पण जास्त वेळा करायचे, तिसऱ्या गटाला स्ट्रेचिंग आणि चालण्यासारखा व्यायाम करा एवढाच सल्ला. वर्षाअखेर दुखणं बऱ्यापैकी किंवा पूर्ण गेलं असं सांगणाऱ्या ताकदवाल्या गटात ७३ टक्के होत्या, दमवाल्या गटात ५९ आणि नुसत्या सल्ल्याच्या गटात २१. या सगळ्या तुमच्यासारख्याच, टेबलावर बसून काम करणाऱ्या, म्हणून हा अभ्यास मला फार जवळचा वाटतो. आणि वेळ नाही म्हणाल तर डेन्मार्कमध्ये १९८ लोकांवर प्रयोग झाला, त्यातल्या दोन गटांना इलॅस्टिकचा पट्टा पायाखाली धरून हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचा एवढा एकच व्यायाम दिला, आठवड्यातले ५ दिवस, एका गटाला दिवसाला १२ मिनिटं, दुसऱ्याला फक्त २ मिनिटं, आणि १० आठवड्यांत दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न दिलेल्या तिसऱ्या गटापेक्षा कमी झालं. २ मिनिटं! तुम्ही मुंग्यांची तपासणी झाल्यावर फिजिओच्या देखरेखीत हे सुरू करा, आधी पट्ट्याशिवाय, हात खांद्याच्या जरा खालपर्यंतच. मग पट्टा मागे ओढणं, भिंतीवरचे पुशअप, हळूहळू.

दुखलं तर? थोडं दुखणारच आहे, ५ महिने न वापरलेले स्नायू आहेत ते. मी पेशंटना असं सांगते की दुखण्याला ० ते १० मार्क द्या, व्यायाम करताना ३-४ पर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीइतकं खाली आलं तर चालू ठेवा. त्याच्या वर गेलं किंवा दुसरा दिवसही खराब गेला तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. फक्त मुंग्या वाढून हातात अजून खाली उतरायला लागल्या किंवा ताकद कमी वाटली तर थांबा आणि दाखवा. पहिल्या २-३ आठवड्यांत फारसा फरक वाटणार नाही आणि नेमकं तिथेच माणूस सोडून देतो, तेवढं धरून ठेवा. ६ आठवड्यांनी बघितलं तर गाडी रिव्हर्स घेताना मान वळतेय, संध्याकाळचं जडपण अर्ध्यावर आलंय, असं काहीतरी जाणवायला हवं. १२ आठवडे प्रामाणिकपणे करूनही काहीच नाही बदललं तर पुन्हा तपासणी, तेव्हा एमआरआयची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील.

कॉलर. काम करताना लावताय ती काढायची, पण एकदम भीती वाटत असेल तर रोज एक-एक तास कमी करत ८-१० दिवसांत. हातात जाणारं दुखणं अगदी भडकलेलं असताना थोडे दिवस कॉलर देतात, ५ महिन्यांच्या दुखण्यात ती तुमच्या स्नायूंचं काम स्वतःकडे घेते, बाकी काही नाही.

बसण्याबद्दल एक सांगते, पोश्चरची इतकी धास्ती घेऊ नका. मान वाकवून मोबाइल बघितला की मानेवर २७ किलोचा भार येतो असं चित्र तुम्हीही फॉरवर्डमध्ये बघितलं असेल, तो आकडा २०१४ च्या एका लेखातला, कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेला अंदाज आहे, खऱ्या माणसांच्या माना मोजून काढलेला नाही. ताठ बसून ८ तास काढले तरी मान दुखेल, कारण त्रास एकाच स्थितीत अडकून राहिल्याचा जास्त असतो. अर्ध्या तासाने उठा, फोन चालत चालत घ्या, फोन खांदा आणि कानात दाबून तर अजिबात नको. लॅपटॉप मात्र उंच करा, डोळ्यांच्या जवळपास, आणि कीबोर्ड-माऊस वेगळे लावा, कोपरं टेबलावर टेकलेली राहू द्या, खांद्याचं ओझं त्याने बरंच उतरतं. झोपताना पालथं झोपू नका कारण रात्रभर मान एका बाजूला वळलेली राहते. कुशीवर झोपत असाल तर उशी खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल एवढी जाड, पाठीवर झोपत असाल तर त्याहून पातळ. महागडी सर्व्हायकल उशी घ्यायलाच हवी असं नाही, जिच्यावर सकाळी मान मोकळी वाटते ती तुमची.

राहिलं घरच्यांचं म्हणणं, सवय लागते म्हणून. मशीनच्या आरामाची सवय लागू शकते हे त्यांचं अगदीच चुकीचं नाही, दर ६ महिन्यांनी १० सिटिंग घेणारे लोक मला माहितीयत. पण चांगल्या फिजिओचा प्रयत्न तुम्ही त्यांच्याशिवाय निभावून न्यावं हाच असतो, भेटी कमी होत होत ८-१० आठवड्यांत थांबतात आणि आठवड्यातून ३ वेळा १०-१५ मिनिटं एवढं घरी चालू राहतं. ते आयुष्यभर करावं लागेल का, तर हो, चालू ठेवलंत तर उत्तम. मधेच कधी झोप कमी झाली, कामाचा ताण आला तर मान एखादा आठवडा पुन्हा धरेल, तेव्हा सगळं पुन्हा सुरू झालं असं समजून कॉलर शोधू नका, व्यायाम निम्म्यावर आणा, गरम शेक घ्या, हलत राहा, बहुतेक वेळा ते आपोआप उतरतं.

या आठवड्यात एवढंच करा: अंगठ्याच्या मुंग्या आणि गरगरणं कधी येतं, किती वेळ टिकतं ते ५ दिवस लिहून ठेवा, तो कागद आणि एक्स-रे घेऊन तपासणारा फिजिओ शोधा, आणि आज रात्री झोपताना तो टॉवेलवरचा "हो" ५ वेळा करून बघा. दुसऱ्या दिवशी कसं वाटलं ते मला कळवा, मी वाट बघतेय.